कागद आधी, सही शेवटी : आयर्लंडच्या कॅथलिक संस्थांतील जुन्या छळाचा दावा कसा बांधावा

संक्रमणकालीन न्यायाची, म्हणजे मोठ्या अन्यायाच्या काळानंतर समाजाने करायच्या न्यायाची, चार अंगं पुस्तकात एका ओळीत मांडलेली असतात: सत्य बाहेर काढणं, दोषींवर कारवाई, भरपाई, आणि पुन्हा तसं घडू नये याची तजवीज. आयर्लंडमध्ये हा क्रम पहिल्यापासूनच विस्कटला. पंतप्रधान बर्टी अहर्न यांनी ११ मे १९९९ रोजी या संस्थांत मुलांवर झालेल्या छळाबद्दल सरकारतर्फे माफी मागितली. २००२ मध्ये भरपाई मंडळाचा कायदा झाला. छळाचा अधिकृत अहवाल, न्या. शॉन रायन यांच्या आयोगाचा पाच खंडांचा, बाहेर आला तो थेट २० मे २००९ ला. भरपाईच्या अर्जांची मुदत तर १५ डिसेंबर २००५ लाच संपली होती. म्हणजे नेमकं काय घडलं हे कागदावर यायच्या आधीच हजारो लोकांनी अर्ज भरले, रक्कम घेतली आणि हक्क सोडल्याच्या सह्या करून टाकल्या.

आज या वाटेला लागणाऱ्याने क्रम आपल्या हातात ठेवावा: आधी कागद, मग जबानी, मग अर्ज, आणि सही सगळ्यांत शेवटी. हे मार्गदर्शन पीडितांना मदत करणाऱ्यांसाठी आहे. या संस्थांतून गेलेले बरेच जण आता म्हातारे झाले आहेत, अनेक जण ब्रिटनमध्ये स्थायिक आहेत, काही नर्सिंग होममध्ये आहेत. तिथे काम करणाऱ्या मराठी परिचारिका, केअर असिस्टंट आणि समाजसेवकांपुढे हा विषय एखाद्या संध्याकाळी अचानक येऊ शकतो.

संस्था कुठल्या प्रकारची, हे पहिल्यांदा ठरवा

लोक 'नन्सकडे होते' एवढंच सांगतात. तेवढ्यावर काहीच हलत नाही. प्रकार तीन, आणि तिन्हींची कागदपत्रं नि योजना वेगवेगळ्या.

इंडस्ट्रियल स्कूल म्हणजे कोर्टाच्या हुकमाने मुलांना ठेवायची निवासी शाळा. साधारणपणे सोळा वर्षं पूर्ण होईपर्यंत. यांच्यासाठीचं २००२ चं भरपाई मंडळ आता बंद आहे.

मॅग्डलीन लॉन्ड्री म्हणजे मुली-बायकांकडून विनावेतन धुणं करून घेणारे मठ. शेवटची लॉन्ड्री, डब्लिनच्या शॉन मॅकडर्मट स्ट्रीटवरची, १९९६ मध्ये बंद झाली. यांची सानुग्रह योजना २०१३ ची.

मदर अँड बेबी होम म्हणजे अविवाहित गरोदर मुलींना ठेवायची जागा. बाळ तिथेच जन्मे आणि बहुतेकदा तिथूनच दुसरीकडे जाई. यांची योजना २० मार्च २०२४ ला सुरू झाली आणि तिच्या यादीत ४४ संस्था आहेत. यादीतलं सगळंच कॅथलिक नाही: बेथनी होम प्रोटेस्टंट होतं, आणि काउंटी होम स्थानिक प्रशासनाची होती. म्हणून पंथावरून अंदाज बांधू नका, यादीत नाव आहे का ते बघा.

एकच व्यक्ती तिन्हींतून गेलेली असू शकते. बाळ म्हणून मदर अँड बेबी होम, मग इंडस्ट्रियल स्कूल, सोळाव्या वर्षी थेट लॉन्ड्री. अशा वेळी आयुष्याची एक सलग तारीखवार तक्ती करा आणि प्रत्येक टप्प्यासमोर पुरावा कोणाकडे असेल ते लिहा. त्याच काळासाठी आधी कुठली भरपाई घेतली असेल तर तीही त्याच तक्तीत नोंदवा. दुहेरी रक्कम मिळत नाही, आणि ही नोंद मागाहून निघाली की प्रकरण अडकतं.

कागद कुठे असतात आणि कसे मागायचे

ज्याच्या हातात रजिस्टर, त्याच्याच हातात सगळी प्रक्रिया असते. म्हणून वेळ आणि चिकाटी इथे खर्च करा.

जिवंत व्यक्तीने स्वतःची माहिती मागायची असेल तर युरोपीय डेटा संरक्षण नियमाच्या कलम १५ खाली अर्ज करायचा. फी नाही. उत्तराची मुदत एक महिना. गुंतागुंतीचं असेल तर आणखी दोन महिने वाढवून घेता येतात, पण वाढवल्याचं पहिल्या महिन्यातच कळवावं लागतं. हा अर्ज सरकारी खात्यालाच नव्हे, धर्मसंघालाही (संस्था चालवणाऱ्या नन्स-ब्रदर्सच्या संघाला) करता येतो. माहिती अधिकाराचा कायदा मात्र धर्मसंघांना लागू नाही. आणि मृत व्यक्तीला डेटा संरक्षणाचा हक्क नसतो. आईच्या फाइलसाठी मुलीने कलम १५ लावलं तर अर्ज परत येईल. तिथे सरकारी संस्थेकडे माहिती अधिकाराखाली जवळचा नातेवाईक म्हणून जायचं.

अर्जात 'माझी सगळी माहिती द्या' एवढंच लिहू नका. 'आमच्याकडे काही सापडलं नाही' हे उत्तर अशाच अर्जांना येतं. कागदांची नावं लिहा: प्रवेश-रजिस्टर, निर्गमन-रजिस्टर, दवाखान्याच्या नोंदी, पत्रव्यवहार, तपासणी अहवाल. इंडस्ट्रियल स्कूलसाठी आणखी दोन: कोर्टाचा रवानगीचा हुकूम आणि दरडोई अनुदानाचे तक्ते. सरकार प्रत्येक मुलामागे शाळेला अनुदान देत असे. शाळेने स्वतःची वही हरवली तरी पैसे घेतल्याची नोंद सरकारच्या बाजूला राहिलेली असू शकते. राहण्याचा काळ सिद्ध करायला हा कागद फार उपयोगी पडतो, आणि तोच मागायचा राहून जातो.

नावांचा घोळ ठरलेलाच. लॉन्ड्रीत आणि होममध्ये आल्या दिवशीच मुलीला दुसरं नाव देत, आणि मग तिला त्याच नावाने हाक मारत. शोध घेताना जन्मनाव, संस्थेतलं नाव, लग्नानंतरचं नाव आणि आडनावाचं आयरिश रूप अशी चारही रूपं द्या. जन्मतारखेत एक-दोन दिवसांचा फरक सर्रास सापडतो. तिथे स्नानसंस्काराची (बाप्तिस्म्याची) पॅरिशमधली, म्हणजे स्थानिक चर्चमधली, नोंद तपासून घ्या.

जन्म, बालपण आणि दत्तकाची माहिती हवी असेल तर वाट वेगळी. २०२२ चा जन्म-माहिती कायदा ३ ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. सोळा वर्षांवरच्या व्यक्तीने टुस्ला या बालसेवा संस्थेकडे किंवा दत्तक प्राधिकरणाकडे अर्ज करायचा. आईने 'संपर्क नको' अशी नोंद केली असली तरी कागद अडवता येत नाही. आधी एक माहिती-संवाद होतो, मग कागद मिळतो. ज्यांचा जन्म दत्तक आई-वडिलांच्याच नावावर बेकायदा नोंदवला गेला, त्यांच्या बाबतीत जन्मदाखलाच खोटा असतो. २०१८ मध्ये सेंट पॅट्रिक्स गिल्ड या एकाच दत्तकसंस्थेच्या फाइलींत अशी १२६ प्रकरणं निघाली. दाखला हातात असूनही इतर काहीच जुळत नसेल तर ही शक्यता धरून चाला.

आलेल्या प्रतींत ओळीच्या ओळी काळ्या केलेल्या असतात. तिसऱ्या व्यक्तीची माहिती, हे कारण. गप्प बसू नका. प्रत्येक झाकलेल्या ओळीमागचं कलम लेखी मागा. ते नाही दिलं तर डेटा संरक्षण आयोगाकडे तक्रार. अर्जदाराला आधीच माहीत असलेलं आईचं नाव झाकण्यात कसलंही संरक्षण नाही, हे पत्रात स्पष्ट लिहा.

काही ठिकाणी मात्र खरोखरच काही उरलेलं नाही. सिनेटर मार्टिन मॅकअलीस यांच्या समितीने ५ फेब्रुवारी २०१३ च्या अहवालात १९२२ पासून किमान १०,०१२ स्त्रिया लॉन्ड्रीत गेल्याचं दाखवलं. पण गॉलवे आणि डन लिअरी इथल्या मर्सी संघाच्या दोन लॉन्ड्रींच्या वह्या शिल्लकच नसल्याने त्या आकड्यात नाहीत. तिथल्या स्त्रियांसाठी आजूबाजूचे पुरावे जमवायचे: मतदारयादीत पत्ता म्हणून लॉन्ड्री आहे का, थडग्यावर नाव आहे का, बरोबरची एखादी बाई प्रतिज्ञापत्र देईल का.

रजिस्टर नसताना काय करतात, याचा नमुना

ट्यूम या गावातलं मदर अँड बेबी होम बॉन सेकूर्स सिस्टर्स चालवत, १९२५ ते १९६१. स्थानिक इतिहासाच्या अभ्यासक कॅथरीन कॉर्लेस यांनी जे केलं ते कुणालाही करता येईल असं आहे. त्या संस्थेच्या वह्यांवर अवलंबून राहिल्या नाहीत. जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयातून त्या होममध्ये मेलेल्या प्रत्येक मुलाच्या मृत्यूच्या नोंदीची नक्कल काढली. प्रत्येकी ४ युरो. ७९६ नकला, म्हणजे तीन हजार युरोंच्या वर. मग ती नावं आसपासच्या दफनभूमींच्या वह्यांशी एकेक करून ताडून पाहिली. मुलं तिथे नव्हती. मग उरला प्रश्न एकच: ती आहेत कुठे? जुना नकाशा नव्यावर ठेवला तर जिथे मुलं पुरल्याचं गावात बोललं जाई, तिथे पूर्वीची सांडपाण्याची टाकी निघत होती. मार्च २०१७ मध्ये मदर अँड बेबी होमच्या चौकशी आयोगाच्या चाचणी-खोदकामाने २० पैकी १७ कप्प्यांत मानवी अवशेष असल्याचं सांगितलं.

या पद्धतीचं बळ दोन नोंदी एकमेकींशी ताडून पाहण्यात आहे. 'मृत्यू झाला' हा कागद सरकारचा, 'दफन इथे नाही' हाही कागद सार्वजनिक. संस्थेला दोन्ही नाकारता येत नाहीत. मृत्यूचं कारण, वय आणि तारीख एका तक्त्यात मांडली की साथीचे महिने, उपासमारीचे महिने आपोआप दिसू लागतात. खोदकामाला वेगळा कायदा लागला (संस्थात्मक दफन कायदा, २०२२) आणि पूर्ण उत्खनन जुलै २०२५ मध्ये सुरू झालं. नातेवाइकांनी डीएनए नमुना द्यायचा तर वेळ दवडू नये. नातं जितकं जवळचं, तितकी जुळणी भरवशाची, आणि भावंडांच्या पिढीला आता फार दिवस नाहीत.

जबानी

एका बैठकीत तास-दीड तासापेक्षा जास्त नको. परिच्छेदांना क्रमांक द्या. स्वतः पाहिलेलं, त्याच वेळी इतरांकडून ऐकलेलं आणि पुढे फाइलीतून कळलेलं, हे तीन प्रकार एकमेकांत मिसळू देऊ नका. मिसळले की विरोधी वकील पहिला घाव तिथेच घालतो. तारीख आठवत नसेल तर अंदाजाची तारीख लिहू नका. 'पहिल्या कम्युनियनच्या (लहानपणीच्या चर्चमधल्या विधीच्या) आदल्या हिवाळ्यात' असं लिहा, नोंदीवरून वर्ष नंतर काढता येतं. 'पळून का गेला नाहीत' हा प्रश्न विचारूच नये.

मसुदा त्या व्यक्तीला मोठ्याने वाचून दाखवा आणि तिचे शब्द सुधारू नका. संमती दोन वेगळ्या कागदांवर घ्या: एक दाव्यासाठी, दुसरी अभिलेखागारासाठी. ध्वनिमुद्रणाची एक प्रत त्या व्यक्तीकडेच राहिली पाहिजे. मदर अँड बेबी होम आयोगाने आपल्या गोपनीय समितीपुढे बोललेल्या साडेपाचशेच्या आसपास लोकांची ध्वनिमुद्रणं पुसून टाकली होती. गदारोळ झाल्यावर ती बॅकअपमधून परत मिळवावी लागली.

रक्कम कशी ठरते, आणि सही कधी

आयर्लंडने दोन पद्धती वापरल्या. दोन्हींत खोट आहे, पण वेगवेगळी.

२००२ च्या मंडळाची पद्धत गुणांची होती. छळाची तीव्रता २५ पर्यंत, वैद्यकीय इजा ३० पर्यंत, मानसिक-सामाजिक परिणाम ३० पर्यंत, हुकलेल्या संधी १५ पर्यंत. बेरीज ७० किंवा त्याहून जास्त झाली तर २ ते ३ लाख युरो, २५ च्या खाली तर ५० हजारांपर्यंत. न्याय्य वाटतं, पण इजा सिद्ध करण्याचं ओझं पीडितावर येतं आणि सुनावणी खटल्यासारखीच होते. शिवाय त्या कायद्याच्या कलम २८(६) नुसार अर्जाचा किंवा रकमेचा तपशील ओळख पटेल अशा रीतीने प्रसिद्ध करणं हा गुन्हा आहे. ज्यांनी ती रक्कम घेतली आहे त्यांनी मुलाखत देण्याआधी हे कलम वकिलाला दाखवावं.

नंतरच्या योजनांनी इजा सोडून मुक्कामाची लांबी धरली. मॅग्डलीन योजनेत ११,५०० ते १ लाख युरो. ५० हजारांवरची रक्कम एकरकमी न देता आठवड्याच्या हप्त्यांनी. २०२४ च्या योजनेत आईला ५ हजारांपासून, आणि कामाचा मोबदला धरून जास्तीत जास्त सव्वा लाख. पुरावा सोपा, उलटतपासणी नाही. पण मोजपट्टी आंधळी आहे. बालपणी १८० दिवसांपेक्षा कमी राहिलेल्या मुलाला काहीच नाही. पाच महिन्यांत आईपासून तोडून परदेशी धाडलेल्या बाळाची गणना शून्य. या एका अटीने सुमारे २४ हजार लोक बाहेर राहिले. ही अट विज्ञानाने नव्हे, अंदाजपत्रकाने ठरवली, असं आमचं स्पष्ट मत आहे.

कॅनडाने मूलनिवासी मुलांच्या निवासी शाळांसाठी दोन मजल्यांची रचना केली: मुक्कामासाठी सरसकट रक्कम, पहिल्या वर्षाचे १० हजार डॉलर आणि पुढच्या प्रत्येक वर्षाचे ३ हजार, गंभीर छळासाठी त्यावर स्वतंत्र मूल्यमापन. नवी योजना आखणाऱ्या गटांनी हीच रचना मागावी.

२०२४ च्या अर्जात लक्ष ठेवायच्या जागा:

- दिवस मोजताना प्रवेश आणि निर्गमन या दोन्ही तारखांचा पुरावा जोडा. १७६ आणि १८१ यांत सगळं फिरतं. मधल्या हॉस्पिटलच्या मुक्कामाचा वेगळा उल्लेख करा.
- नोंद नसेल तर प्रतिज्ञापत्र चालतं, पण आधी योजनेच्या कार्यालयाला शोध घ्यायला लावा आणि 'सापडलं नाही' हे लेखी घ्या.
- व्यक्ती १३ जानेवारी २०२१ रोजी किंवा त्यानंतर वारली असेल तर वारस अर्ज करू शकतात. त्याआधी वारली असेल तर नाही. ही तारीख मदर अँड बेबी होमबद्दलच्या सरकारी माफीची.
- आयर्लंडबाहेर राहणाऱ्या पात्र व्यक्तीला वैद्यकीय कार्डाऐवजी ३ हजार युरो घेता येतात.
- ब्रिटनमध्ये उत्पन्न-बचतीवर ठरणारे भत्ते चालू असतील तर रक्कम बँकेत येण्याआधी भत्त्यांच्या सल्लागाराला भेटा. आयुष्यभराची भरपाई आली आणि घरभाड्याचा भत्ता गेला, अशी गत होऊ शकते.

आता सही. रक्कम स्वीकारताना हक्कसोड पत्रावर सही करावी लागते: यापुढे सरकारविरुद्ध या बाबतीत दावा नाही. म्हणून देकार आला की लगेच सही नको. तीन गोष्टी तपासा: सगळ्या फाइली आल्या का, दिवसांचा हिशेब बरोबर आहे का, आणि कोर्टाची वाट खरोखर उघडी आहे का. पहिल्या दोन्हींत शंका असेल तर फेरतपासणी मागा. मॅग्डलीन योजनेत लॉन्ड्रीत राबलेल्या, पण शेजारच्या 'प्रशिक्षण केंद्रा'त झोपणाऱ्या मुलींना नाकारलं होतं. लोकपालांनी नोव्हेंबर २०१७ मध्ये झोडपल्यावर अशा १४ संस्था आत घ्याव्या लागल्या. नकार आला म्हणजे प्रकरण संपलं, असं धरू नका.

कोर्टाची वाट

ती अरुंद आहे. फौजदारीत गंभीर गुन्ह्यांना मुदतीची आडकाठी नाही, पण आरोपी वारलेले असतात. दिवाणीत २००० च्या दुरुस्तीने मुदत शिथिल केली ती फक्त बालपणीच्या लैंगिक अत्याचारासाठी. मारहाण, उपासमार, वेठबिगारीला ती सवलत नाही.

दुसरी अडचण प्रतिवादीची. आयरिश कायद्यात धर्मसंघ ही नोंदणीकृत कंपनी नसते, सभासदांचा समूह असतो. संघाने कुणाला प्रतिनिधी म्हणून उभं केलं तर ठीक. नाही केलं तर त्या काळातल्या हयात सभासदांना एकेक करून नावानिशी गोवावं लागतं. दावा दाखल करण्याआधीच प्रतिनिधी नेमण्याची लेखी मागणी करा, आणि नकार मिळाला तर सभासदांची यादी मागणारा अर्ज तयार ठेवा. शाळेतल्या अत्याचारासाठी सरकारही जबाबदार ठरू शकतं, हे मात्र लुईझ ओ'कीफ यांच्या खटल्यात युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २८ जानेवारी २०१४ ला पक्कं केलं.

गट म्हणून चौकशी मागत असाल तर

माफीच्या मसुद्यावर कमी वेळ घालवा, आयोगाच्या कार्यकक्षेवर जास्त. कार्यकक्षा जाहीर व्हायच्या आधी तीन कलमं घालून घ्या. शपथेवर जाहीर साक्ष देण्याचा हक्क. प्रतिकूल निष्कर्ष छापण्याआधी तो मजकूर पीडितालाही दाखवणं. मदर अँड बेबी होम आयोगाने हे न केल्याने काही पीडितांचा कायदेशीर हक्क डावलला गेला, असं डिसेंबर २०२१ मध्ये सरकारला उच्च न्यायालयात मान्य करावं लागलं. आणि काम संपल्यावर कागद कुठे जाणार. मॅकअलीस समितीने धर्मसंघांची कागदपत्रं परत केली आणि आपल्याकडच्या प्रती नष्ट केल्या. रायन आयोगाचा साठा ७५ वर्षं कुलूपबंद करणारं विधेयक २०१९ मध्ये आलंच होतं. विरोध झाला म्हणून बारगळलं.

धर्मसंघांचा वाटाही आधीच आकड्यात बांधा. २००२ च्या करारात १८ संघांनी १२ कोटी ८० लाख युरोंच्या बदल्यात पुढच्या दाव्यांपासून सरकारी हमी मिळवली. एकूण खर्च दीड अब्जांवर गेला. चार संघांनी मॅग्डलीन योजनेला एक पैसाही दिला नाही. सदिच्छेवर सोडलेला वाटा येत नाही.

चर्चकडे तक्रार

पोप फ्रान्सिस यांचा 'वोस एस्तिस लुक्स मुंदी' हा नियम १ जून २०१९ पासून लागू आहे आणि २०२३ मध्ये सुधारून कायम झाला. तो जगभरच्या धर्मप्रांतांना लागू असल्याने वसई, मुंबई आणि गोव्यालाही लागू आहे. प्रत्येक धर्मप्रांतात तक्रारीची सोय हवी, धर्मगुरू आणि सिस्टर्सना माहिती कळवणं बंधनकारक आहे, आणि तक्रार करणाऱ्यावर गप्प राहण्याची अट घालता येत नाही. अशी अट घातली गेली तर तो कागद जपून ठेवा.

धर्मप्रांताच्या गुप्त अभिलेखागाराबद्दल एक बारकावा. चर्चच्या कायद्याच्या ४८९ व्या कलमानुसार, नैतिक गुन्ह्यातला आरोपी वारला असेल किंवा निकालाला दहा वर्षं झाली असतील तर ती कागदपत्रं दरवर्षी नष्ट करायची, पण वस्तुस्थितीचा संक्षेप आणि अंतिम निकाल ठेवायचा असतो. म्हणून 'फाइल नष्ट झाली' असं उत्तर आलं तर पुढचं पत्र संक्षेप आणि निकाल मागणारं लिहा.

भारतात १४ नोव्हेंबर २०१२ पासूनच्या घटनेला पॉक्सो, म्हणजे बालकांच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, लागतो. कलम १९ प्रमाणे माहिती असलेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळवायची आहे, आणि हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला कलम २१ खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. त्याआधीच्या घटनेला तेव्हाचं भारतीय दंड विधान लागतं. बिशप हाऊसला दिलेला अर्ज पोलिसांतल्या तक्रारीची जागा घेत नाही. दोन्हीकडे द्या, आणि दोन्हीकडून तारखेसह पोच घ्या.